आवडता फटका, हुकमी फटका

निंबर्ग्याच्या कोणत्याही पोरास टेनिसचा चेंडू दाखवा. तो तत्काळ ओळखील आणि बॅट आणावयास घरी धावेल. तुरीची रास उरकून रान मोकळे झाले की त्याच लवदार चेंडूवर आपल्याकडे क्रिकेटचे सामने रंगतात. ज्या खेळासाठी हा चेंडू जन्मास आला, तो खेळ मात्र आपल्या खेड्यांपर्यंत क्वचितच पोहोचला. नाही म्हणावयास २०२३ च्या अखेरीस कलबुर्गीस पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली होती व चेन्नईच्या रामकुमार रामनाथनने ती जिंकली. आपल्यापैकी फार थोड्यांनी ती पाहिली असेल. म्हणून वाचकहो, आज टेनिसविषयी चार शब्द लिहितो. पण मोठ्या खेळाडूंच्या टेनिसविषयी नव्हे, तर पोटापाण्याचा उद्योग सांभाळून सकाळी तासभर खेळणाऱ्या हौशी मंडळींविषयी.

खेळ समजण्यास अवघड नाही. ७८ फूट लांबीचे मैदान, मध्ये जाळे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजव्या अंगास आलेला चेंडू मारणे तो फोरहँड, डाव्या अंगास आलेला तो बॅकहँड. चेंडू टप्पा घेण्यापूर्वीच जाळ्याजवळ टोलविणे ती व्हॉली. प्रतिपक्ष्याच्या डोक्यावरून उंच काढणे तो लॉब. जाळ्यापलीकडे हलकेच टाकणे तो ड्रॉप शॉट. आणि डोक्यावरून खाली आदळणे तो स्मॅश. आपल्या तालमीतील मल्लास जसे डाव, तसे टेनिसपटूस हे फटके. १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाक या डावात निष्णात होते. त्यांच्यानंतर भारतास वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ४४ वर्षे लागली आणि ते १९९६ साली अटलांटा येथे टेनिसमध्येच मिळाले. ते मिळविणारा लिअँडर पेस हा गोमंतकीय वंशाचा. त्याचे बळ जाळ्याजवळच्या व्हॉलीत होते.

तालमीत एक शब्द आहे, हुकमी डाव. तो आवडत्या डावाहून निराळा असतो. आवडता डाव मल्ल मित्रांस दाखवितो. हुकमी डाव तो कुस्ती हातची जाऊ लागली म्हणजे लावतो. हौशी टेनिसपटूंच्या बाबतीत हा भेद आमच्या ध्यानी कसा आला ते सांगतो.

गेल्या वर्षी काही कामानिमित्त आमचा एका शहरात आठवडाभर मुक्काम होता. समोरच टेनिसचे मैदान होते. सकाळच्या खेळानंतर चहाच्या टपरीवर जमणाऱ्या मंडळींशी ओळख झाली आणि आम्ही प्रत्येकास एकच प्रश्न विचारला, "आपण कसे खेळता?" एक डॉक्टर म्हणाले, "फादर, आमचा खेळ आक्रमक. सर्व्हिस करावी, जाळ्याकडे धाव घ्यावी आणि स्मॅशने गुण संपवावा." एका वकिलांनी हातातला कप खाली ठेवून आपला एकहाती बॅकहँड हवेतच मारून दाखविला, मनगट, खांदा, पाऊल, सगळे सांगितले. एक तरुण अभियंता केवळ 'टॉपस्पिन' म्हणाला आणि हसला. पुढे म्हणजे चेंडूस वरून फिरकी देणे, असा खुलासाही केला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मात्र अवघडले. "आम्हांस विशेष काही येत नाही. आलेला चेंडू पलीकडे जावा एवढे पाहतो."

स्वतःचे वर्णन स्वतःच करणारी माणसे ऐकणे हे आमच्या नित्याच्या कामातच मोडते. सबब दुसऱ्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बाकावर बसलो. तासाभरात डॉक्टरांना स्मॅशची संधी सहा वेळा आली. दोन फटके साधले, चार जाळ्यात किंवा भिंतीवर गेले. वकिलांचा बॅकहँड खरोखर देखणा होता, परंतु प्रतिपक्षी त्यांच्या त्या अंगास चेंडू मुद्दामच देत होता हे त्यांच्या लक्षात आलेले दिसले नाही. निवृत्त गृहस्थ अभियंत्याकडून हरले, वयाचा प्रश्न होता; बाकी दोघांस मात्र त्यांनी चांगलेच दमविले.

अशी मोजणी पूर्वी एका मोठ्या माणसाने केली आहे. अमेरिकेत सायमन रॅमो या नावाचे क्षेपणास्त्रे बनविणारे अभियंते होते. त्यांना टेनिसचे वेड. १९७० च्या दशकात सामान्य खेळाडूंसाठी त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशेबाने निष्णात व्यावसायिकांच्या खेळात सुमारे ८० टक्के गुण उत्तम फटक्यांनी जिंकले जातात, तर हौशी खेळात सुमारे ८० टक्के गुण चुकीने गमावले जातात. म्हणजे खेळ एकाच नावाचे, प्रत्यक्षात दोन. डॉक्टर बिचारे पहिला खेळ वर्णन करीत होते आणि दुसरा खेळत होते.

हुकमी फटका बहुधा दिसण्यात साधा असतो. जाळे खांबांपाशी साडेतीन फूट उंच, मध्यभागी तीनच फूट. एकेरीचे मैदान २७ फूट रुंद. चेंडू कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मारला तर तो जाळ्याच्या ठेंगण्या भागावरून जातो आणि त्यास सरळ रेषेपेक्षा साडेचार फूट अधिक लांबी मिळते. शेताच्या बांधावरून जाण्याऐवजी कर्णाने जावे तसे. असे असूनही आवडता फटका विचारा, दहांपैकी सात जण रेषेलगतचा सरळ फटकाच सांगतील, कारण तो बसला म्हणजे पाहणारे 'वाहवा' म्हणतात. तिरक्या फटक्यास टाळी पडत नाही.

आपल्याच देशातील दोन थोर खेळाडू पाहा. रामनाथन कृष्णन यांची सर्व्हिस मुळीच जबर नव्हती. हातातील नाजुकपणा आणि चेंडू कोठे ठेवावा याची जाण, एवढ्या पुंजीवर ते १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. दोन्ही वेळा त्यांना हरविणारा पुढे विजेता ठरला. दुसरे कोडगूचे रोहन बोपण्णा. गुडघे झिजलेले, परंतु सर्व्हिस भेदक. त्यांनी एकेरीचा मोह सोडून दुहेरी धरली, अय्यंगार पद्धतीची योगासने केली आणि जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन स्पर्धेची दुहेरी जिंकली. त्याच महिन्यात दुहेरीत ते जगात पहिल्या क्रमांकावर आले. आम्हीही चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे ही बातमी आम्ही दोनदा वाचली.

चाळिशीवरून आठवले. पंचविशीतील खेळ वर्णन करीत पंचेचाळिशीत खेळणारे कोपरास पट्टा बांधून हिंडतात. बॅकहँड चुकीच्या पद्धतीने मारल्यामुळे होणाऱ्या या दुखण्यास 'टेनिस एल्बो' म्हणतात; गंमत अशी की हे दुखणे होणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेलीच नसते. ओले कपडे पिळणाऱ्या आणि कुऱ्हाड चालविणाऱ्या हातांसही ते सोडीत नाही.

आता थोडे कठीण प्रकरण. अमेरिकेत हौशी खेळाडूंनी आपली पायरी स्वतःच ठरवावी अशी पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. १ पासून ७ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या. प्रत्येकीचे वर्णन छापलेले. वाचावे आणि आपण कोठे बसतो ते लिहावे. आपणांस वाटेल की लोक स्वतःस वरच्या पायरीवर बसवितात. बसवितातच; परंतु स्पर्धेचा चषक दिसू लागला की काही जण मुद्दाम खाली बसतात, म्हणजे दुबळे प्रतिपक्षी मिळून विजय सोपा होतो! त्यांना पकडण्यासाठी संघटनेस प्रत्येक सामन्याच्या निकालाचा हिशेब ठेवावा लागतो आणि लबाडी उघड झाल्यास खेळाडू बाद होतो. बढाई आणि लबाडीची विनम्रता, यांत अधिक वाईट काय याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोपवितो. आमचे मत दुसरीच्या विरुद्ध आहे.

हौशी सामन्यात पंचही नसतो. आपल्या अर्ध्या भागात पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगावयाचे. रेषेस किंचित शिवला तरी आत. शंका असल्यास गुण प्रतिपक्ष्याचा. नियम स्वच्छ आहे. परंतु ज्या क्षणी स्वतःविरुद्ध बोलावयाचे असते त्याच क्षणी दृष्टी दगा देते.

त्या मैदानावर वीस वर्षे एकत्र खेळलेले दोन गृहस्थ होते. तीन वर्षांमागे असाच एक चेंडू रेषेवर पडला. एकाने बाहेर म्हटले, दुसऱ्याने रॅकेट पिशवीत घातली. तेव्हापासून एक सहा वाजता येतो, दुसरा सात वाजता. टपरीवाल्याकडून हे कळल्यावर आम्ही दोघांस निरनिराळे गाठून तोच प्रश्न विचारला, आणि पुढे त्या दुसऱ्याचा खेळ कसा आहे तेही विचारले. स्वतःविषयी दोघांनीही पुष्कळ सांगितले. त्यातले फारसे लक्षात राहण्यासारखे नव्हते. दुसऱ्याविषयी मात्र सहा वाजताचे गृहस्थ म्हणाले, "डाव्या खांद्यावर उंच चेंडू आला की तो अर्धे पाऊल मागे सरतो. दमला की सर्व्हिसपूर्वी चेंडू तीनदा आपटतो, एरवी दोनदा. लॉब त्याच्यासारखा इथे कोणाचाच नाही." सात वाजताच्या गृहस्थांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "त्याचा ड्रॉप शॉट मला अजून कळत नाही. उजवा गुडघा दुखतो त्याचा, थंडीत जास्त. सध्या पट्टा बांधतो का तो?"

आम्ही सांगितले, बांधतात.