उद्योजकाने पुन्हा वर्गात बसावे काय?

आमच्या समाजातील तरुण उद्योगात उतरले ही बातमी आता जुनी झाली. २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन झाली तेव्हा चळवळीतल्याही अनेकांनी नाके मुरडली होती. आज भोसरी, चाकण, वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत आमच्या माणसांच्या शेड उभ्या आहेत, आणि त्या शेडमधून एक नवाच प्रश्न आमच्यापर्यंत येऊ लागला आहे. चाळिशी ओलांडलेला, पंचवीस-तीस कामगारांचा पगार दर महिन्याला भागवणारा मालक विचारतो आहे की, धंदा सांभाळून एक्झिक्युटिव्ह एम.बी.ए. करू काय?

यावर समाजात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, धंदा धंद्यातच शिकावा. दुसरे म्हणते, व्हिजिटिंग कार्डावर नामांकित संस्थेचे नाव छापले की बँकेची दारे आपोआप उघडतील. आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत.

धंदा धंद्यातच शिकावा, हे वाक्य ज्यांच्या घरात चार पिढ्यांच्या वह्या आहेत त्यांना शोभते. व्यापारी घरातला मुलगा मिसरूड फुटण्याआधी उधारी, हुंडी आणि बाजारातली पत शिकतो. तरीही ती घरे आपल्या मुलांना शिकायला पाठवतातच. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत कौटुंबिक उद्योगासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. आमच्या उद्योजकाला मात्र कुटुंबाचा उद्योग नाही, तो स्वतःच पहिली पिढी आहे. वडील रेल्वेत, गिरणीत किंवा नगरपालिकेत राबले. ताळेबंद कसा वाचावा हे त्याला घरी कोण सांगणार?

परमपूज्य बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आम्ही जयंतीच्या भाषणांत सांगतो आणि तिथेच सोडून देतो. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. नंतर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि तेथील पगारातून पैसे साठवून पुन्हा लंडनला अपुरे शिक्षण पुरे करायला गेले. परतल्यावर वकिली चालू असतानाच बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. कमावता माणूस विद्यार्थी होऊ शकतो, हे आम्हांला परक्या मुलखातून शिकायचे नाही. १९४६ साली निघालेल्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग होते ते नोकरी करणाऱ्यांसाठीच. शिकागो विद्यापीठाने कामावर असलेल्या अधिकाऱ्यांसाठी पहिला एक्झिक्युटिव्ह एम.बी.ए. काढला तो १९४३ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईत बाबासाहेबांनी कारकुनाला आणि कामगाराच्या पोराला ड्युटीच्या आधी वर्गात बसवले.

तेव्हा शिकावे की नाही, हा वाद नाही. काय शिकावे आणि किती पैसे मोजून, हा खरा प्रश्न आहे.

फॅब्रिकेशनची शेड चालवणारे आमचे एक मित्र आहेत. वेल्डिंगच्या कामात त्यांचा हात धरणारा त्या पट्ट्यात सापडणार नाही. त्यांचा हिशेब आम्ही एकदा कागदावर मांडून पाहिला. समजा, काम दहा लाखांचे. माल सहा लाखांचा, मजुरी-वीज-भाडे मिळून अडीच लाख. नफा दीड लाख, असे ते छातीठोकपणे सांगतात. पण मोठी कंपनी बिल देते चार महिन्यांनी, आणि साडेआठ लाख त्यांनी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचललेले असतात. चार महिन्यांचे व्याज एक लाख दोन हजार. दीड लाखातले उरले अठ्ठेचाळीस हजार. त्यात एखादे काम रिजेक्ट झाले की तेही गेले. वर्षानुवर्षे ऑर्डर वाढत गेल्या आणि कर्जही वाढत गेले, याचे कोडे त्यांना पडले होते. आळशीपणा नव्हता, व्यसन नव्हते. खेळते भांडवल ही चीज कोणी समजावून सांगितली नव्हती, एवढेच.

आणि कायदा काय म्हणतो? २००६ च्या एम.एस.एम.ई. कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येऊ नये, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही आणली. आमच्या मित्राकडे उद्यमची नोंदणीही नव्हती. नोंदणी असलेलेही तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. हे भय खरे आहे आणि कुठल्याही प्राध्यापकाच्या फळ्याने ते जाणार नाही. पण एकाच गिऱ्हाइकावर ऐंशी टक्के धंदा टेकवून ठेवल्यामुळे ते भय दुप्पट होते, हे वर्गात कळते.

वर्गाचा दुसरा लाभ अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेला नसतो. शेजारच्या बाकावर बँकेचा अधिकारी, मोठ्या कंपनीचा खरेदी व्यवस्थापक बसलेला असतो. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक खरेदीतील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवला. बहुतेक वर्षी तो गाठला गेलेला नाही. निविदा निघण्याआधी कुठे काय बोलले जाते, कोणाचा फोन कोण उचलतो, हे ज्यांच्या जातीत आहे त्यांना शाळेत जावे लागत नाही. आडनाव ऐकल्यावर तिथेही चेहरे बदलतात, हे आम्ही नाकारत नाही. पण दोन वर्षे एका गटात प्रकल्प केलेला माणूस किमान फोन तरी उचलतो.

आता पैशाचे. नामांकित संस्थांत हे शुल्क वीस-तीस लाखांच्या घरात जाते. तेवढ्यात एक चांगले मशीन येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख, म्हणजे पंचवीस कामगारांचा मालक तिच्यात बसण्याचा प्रश्नच नाही. राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबमध्ये नामांकित व्यवस्थापन संस्थांतील शुल्क परत मिळण्याची तरतूद केली गेली, पण ती अल्पमुदतीच्या प्रशिक्षणापुरती. शिवाय पदवीची अट. आय.टी.आय. करून शेड उभारलेला माणूस तिथेच अडखळतो. त्याने आधी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करावे; लाज वाटण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे पदवी आहे त्याने कर्ज काढून मोठ्या नावामागे धावण्यापूर्वी विद्यापीठांचे अर्धवेळ अभ्यासक्रम पाहावेत. आणि प्रवेशाच्या आधी सुपरवायझर व हिशेबनीस नेमावा. मालक दोन दिवस गैरहजर राहिला की जी शेड बंद पडते, तिला अजून उद्योग म्हणता येत नाही.

पण प्रत्येकाने आपापले पाहावे, एवढे म्हणून आमचे समाधान होत नाही. आरक्षणामुळे बँका, एल.आय.सी., आयकर खाते येथे आमची एक अख्खी पिढी अधिकारी म्हणून निवृत्त झाली. कर्जाचा प्रस्ताव कुठे अडतो हे तिला आतून ठाऊक आहे. ती निवृत्त मंडळी विहारात येतात आणि कर्जासाठी हेलपाटे घालणारा उद्योजकही त्याच विहारात येतो. दोघे एकमेकांना जयभीम घालतात आणि आपापल्या घरी जातात! पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांत वाणिज्याचे वर्ग आहेत, खोल्या आहेत, फळे आहेत. डिक्की आणि बँकांतील आमच्या कर्मचारी संघटनांनी एकत्र बसून वर्षभराचा एक अभ्यासक्रम आखावा. त्यात परदेशी कंपन्यांच्या गोष्टी नकोत, आमच्याच बुडालेल्या आणि तगलेल्या धंद्यांचे हिशेब नावे झाकून मांडावेत. प्रमाणपत्राला बाजारात किंमत नसेल, नसो. आमच्या मित्रासारख्या पन्नास जणांचे व्याज वाचले तरी त्यातून पुढच्या वर्षीचा वर्ग निघेल.

भोसरीकरांसाठी एक सूचना मात्र आत्ताच करून ठेवतो. तिथला वर्ग गुरुवारी ठेवा. रविवारी तिथे मशीन चालू असतात.