सोयऱ्याच्या घरी राहणारा विस्थापितही विस्थापितच!

वसई-विरारच्या नागरिकांसाठी जाहीर पत्रक

२०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. ज्यांना डिपॉझिट जमले ते भाड्याच्या खोलीत गेले. ज्यांना जमले नाही, त्यांना भावाचे, मेहुण्याचे, गाववाल्याचे दार उरले.

दंगलीतही हेच घडते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० नोंदवली. जीव मुठीत धरून निघालेले काही छावण्यांत गेले, काही नातेवाइकांकडे. मुंब्रा आणि मीरा रोडच्या वस्त्या त्यानंतर झपाट्याने वाढल्या. सरकारने हिशेब ठेवला तो मृतांचा आणि बेपत्तांचा, आणि तोही अर्धाच. १६८ बेपत्तांपैकी केवळ ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांना शोधा, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगावे लागले. मग बहिणीकडे महिनोन्‌महिने राहिलेल्या कुटुंबाची, आणि त्यांना पोसणाऱ्या त्या बहिणीची दखल कोण घेणार?

नातेवाइकांचे घर म्हणजे शासनाची फुकटची छावणी नव्हे.

वन-रूम-किचनमध्ये चारांची आठ माणसे झाली की पाणी पुरत नाही, टँकरचा खर्च वाढतो, वीजबिल फुगते. यजमान सुरुवातीला काही बोलत नाही, पण तिसऱ्या महिन्यात त्याचीही उधारी सुरू होते. छावणीत निदान हजेरी लागते, शिधा येतो. इथे मात्र ‘सोय झाली’ म्हणून दोन्ही कुटुंबे यादीतून गळतात. दंगल किंवा पाडकामामुळे विस्थापित झालेल्यांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे दाद मागणेही अवघड होते.

हे बदलता येते. २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांना घरात ठेवणाऱ्या नागरिकांना पोलंडने माणशी दिवसाला ४० झ्लॉटी दिले. जॉर्डनमध्ये नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिलने अर्धवट घरे पूर्ण करायला घरमालकांना पैसे दिले. त्या बदल्यात सीरियन कुटुंबांना ठरावीक काळ बिनभाड्याचे छप्पर मिळाले. आपल्याकडेही झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत संक्रमण शिबिराऐवजी भाडे देण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे वाट मळलेली आहे, इच्छाशक्ती हवी.

‘बेकायदा इमारतीतल्यांना मदत कशाला?’ असे विचारले जाते. बांधकाम बिल्डरने केले, मजल्यावर मजले चढताना यंत्रणेने पाहिले, आयुष्याची पुंजी मात्र रहिवाशाने घातली. शिक्षाही त्यालाच द्यायची, हा न्याय नव्हे.

म्हणून महापालिका आणि पालघर जिल्हा प्रशासनाकडे मागण्या:

१. दंगल, पाडकाम किंवा इमारत कोसळल्याने बेघर झालेल्या आणि दुसऱ्यांच्या घरी राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची प्रभागनिहाय नोंद करा.
२. किमान सहा महिने यजमान कुटुंबाला निवारा साहाय्य आणि विस्थापितांना भाड्याच्या घरासाठी डिपॉझिट द्या.
३. पत्ता बदलला म्हणून शिधा तोडू नका. स्थलांतरित मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, ते पाळा.

आपल्या घरी असे कुटुंब राहत असेल, तर दोन्ही कुटुंबांच्या सह्यांचा अर्ज प्रभाग समिती कार्यालयात द्या आणि त्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.