चिलीचा पेसो आणि चिलीचा मजूर

दशमान नाणेपद्धती आली की हिशेब सोपा होतो आणि गरिबाची फसवणूक थांबते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. चिलीच्या इतिहासात यांतले पहिले विधान तेवढे खरे ठरले.

९ जानेवारी १८५१ च्या कायद्याने तेथे आठ रेआलांचा स्पॅनिश पेसो जाऊन शंभर सेंतावोंचा पेसो आला. १८७८ मध्ये नोटांच्या बदल्यात धातूचे नाणे देण्याचे बंधन उठले आणि पेसो घसरू लागला. गहाणवटीवर कर्ज काढलेल्या जमीनदाराचा बोजा त्याने हलका केला. रोजंदारीवाल्याच्या पोटाला मात्र चिमटा बसला. १८९५ मध्ये पेसोचा दर १८ ब्रिटिश पेन्सांवर बांधला गेला, तोही तीन वर्षांत सुटला.

उत्तरेकडील सोऱ्याच्या खाणींत तर मजुराला सेंतावोही दिसत नसे. त्याला मिळत ‘फिचा’, म्हणजे कंपनीचे बिल्ले. ते चालायचे कंपनीच्याच दुकानात. डिसेंबर १९०७ मध्ये हजारो मजूर संप करून इकिके बंदरात उतरले. बिल्ल्यांचे पूर्ण मूल्य द्या, मजुरी १८ पेन्सांच्या दराने मोजा, दुकानाबाहेर वजनकाटा ठेवा, या त्यांच्या मागण्या. चलनशास्त्राचा इतका नेमका पाठ त्या काळच्या विद्यापीठांतही क्वचितच मिळाला असता! २१ डिसेंबरला सांता मारिया शाळेत जमलेल्या या मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मृतांच्या संख्येबद्दल अजूनही एकमत नाही.

पुढे १९६० मध्ये हजार पेसोंचा एक एस्कुदो झाला, १९७५ मध्ये हजार एस्कुदोंचा एक नवा पेसो. पंधरा वर्षांत सहा शून्ये पुसली गेली. आयेंदे सरकारनेही तूट नोटा छापून भागवली व १९७३ मध्ये भाववाढ पाचशे टक्क्यांवर गेली, हे समाजवाद्यांनी लपवण्यात अर्थ नाही. परंतु लष्करी राजवटीने भाव मोकळे सोडले आणि कामगारांची मध्यवर्ती संघटना बेकायदा ठरवली; मजुराच्या हाती दाद मागण्याचे साधनच उरले नाही.

त्याच राजवटीच्या ५ व १० पेसोंच्या नाण्यांवर साखळ्या तोडणारी पंखधारी स्त्री होती. तिच्याजवळ ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आणि ११ सप्टेंबर १९७३ ही लष्करी उठावाची तारीख. १९९० मध्ये लोकशाही परतल्यावर नव्या नाण्यांवर ओ’हिगिन्सची मुद्रा आली. जुनी मात्र पुढेही बाजारात हातोहात फिरत राहिली.