दोरी कोणाच्या हाती?

जानेवारीतील बारा दिवस आम्ही रत्नागिरीजवळ भाट्ये येथे चाकांवरच्या घरात राहिलो. आम्ही म्हणजे मी, वय ६८. माझे यजमान, वय ७३. आणि राणी ही आमची नऊ वर्षांची गावठी कुत्री. यजमानांना पार्किन्सन्सचे, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो त्या विकाराचे निदान होऊन चार वर्षे झाली. आमच्यासारख्या कुटुंबांना असे राहणे झेपते का, असे अनेक वाचक विचारतात. आमचा अनुभव, चुकांसकट, आज येथे मांडते.

घर कोल्हापूरला. गेल्या वर्षभरात यजमानांनी बाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. नातलगांकडे जावे तर राणीची अडचण; हॉटेलात उतरावे तर अनोळखी खोली, गुळगुळीत फरशी आणि रात्री न सापडणारे विजेचे बटण. रत्नागिरीत राहणाऱ्या भाच्याने एक टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन तिचे फिरते घर केले होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्या आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. भाचा म्हणाला, "मावशी, खोली बदलायची नाही, फक्त खिडकीबाहेरचे बदलायचे." ते मला पटले.

गाडी किनाऱ्यावर नेली नाही. वाळूत चाके रुततात, आणि किनारा ही गाड्यांची जागा नव्हेच. रस्त्यालगतच्या एका वाडीत, मालकांच्या परवानगीने, वीज आणि पाण्याच्या सोयीसह जागा मिळाली. मालकांनी पहिलीच सूचना केली ती माडाखाली गाडी लावू नका, अशी. वरून पडणारा नारळ टप कोणाचे आहे हे पाहत नाही! समोर रस्ता, त्यापलीकडे सुरूच्या झाडांची रांग, तिच्यामागे समुद्र आणि उत्तरेस काजळी नदीची खाडी. मधूनच मिरकरवाड्याच्या बंदराकडून होड्यांचा आवाज येई.

पार्किन्सन्सच्या रुग्णाचे पाऊल अरुंद दारात, उंबऱ्यापाशी किंवा वळणावर अचानक जमिनीला चिकटल्यासारखे थांबते. गाडीचे दार तर अरुंदच, शिवाय खाली दोन पायऱ्या. भाच्याने दाराच्या दोन्ही बाजूंना भक्कम कड्या बसवल्या आणि आतील जमिनीवर हातभर अंतराने पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. जमिनीवरील रेघ ओलांडायची आहे, असे डोळ्यांना दिसले की थांबलेले पाऊल पुष्कळदा उचलले जाते. लहान जागेचा एक लाभही झाला. जेथे तोल जाईल तेथे आधाराला काहीतरी हाताशी होतेच. रात्रभर एक मंद दिवा चालू ठेवत असू. अंथरुणातून उठल्यावर दोन मिनिटे कडेवर बसूनच उभे राहायचे हा नियम येथेही मोडला नाही, कारण या विकारात उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो. स्वयंपाकाची शेगडी बाहेरच्या छपरीत. बंद गाडीत गॅस किंवा कोळसा कधीही पेटवू नये. त्यातून साचणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासाने कळत नाही.

दिवस गोळ्यांच्या वेळांनी बांधलेला. लेव्होडोपाची पहिली गोळी साडेसहाला, न्याहारी त्यानंतर अर्ध्या तासाने. डाळ, दूध, मासे यांतील प्रथिने या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी माशांचे जेवण रात्रीकडे ढकलायला सांगितले होते. आपल्या रुग्णाचे वेळापत्रक अर्थात आपल्याच डॉक्टरांना विचारून ठरवावे. गोळीनंतर तासाभराने पाय मोकळे होतात. फिरण्याची वेळ तीच.

पण समुद्र गोळ्यांच्या वेळा जाणत नाही. ओहोटी दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आम्ही पौष पौर्णिमेला पोचलो, तेव्हा पाणी पहाटे आणि संध्याकाळी ओसरत होते. तीन-चार दिवसांनी ओहोटी आठच्या सुमारास आली, आणि अष्टमीकडे ती उन्हात सरकली. चालायला हवी ती ओली, घट्ट वाळू. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो आणि तोल जातो. म्हणून ज्या दिवशी गोळी आणि ओहोटी जुळत, त्या दिवशी किनारा. एरवी वाडीतील सपाट पायवाट. भाट्याला १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी लावण्याची 'लाखी बाग' तेथलीच. एका भरतीच्या सकाळी आम्ही ती बाग पाहिली. पार्किन्सन्समध्ये वासाची जाणीव फार लवकर मंदावते. यजमानांनी दालचिनीचे पान चुरून नाकाशी धरले आणि मान हलवली. राणी मात्र प्रत्येक आळ्यापाशी थांबून वासाचा हिशेब घेत होती.

आता त्या चौथ्या दिवसाविषयी. सकाळी आठची वेळ. ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांचा मोठा थवा उतरला होता. भाट्ये हे कागदोपत्री अभयारण्य नाही. पण हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणाऱ्या या चिमुकल्या पाहुण्यांचे आणि कुरवांचे ते आश्रयस्थानच असते. राणीने असे काही आयुष्यात पाहिले नव्हते. गेली नऊ वर्षे तिची दोरी यजमानांच्या हातात, मनगटाला वेढा घेऊन. तिने झेप घेतली. थवा उडाला, दोरी ताणली गेली, यजमानांचे पाय जागीच थिजले आणि ते गुडघ्यांवर कोसळले. ओल्या वाळूने वाचवले. हाड मोडले नाही. तळहात सोलवटले तेवढेच.

हा केवळ आमचा योगायोग नव्हे. अमेरिकेतील एका अभ्यासात, कुत्र्याला फिरवताना हाड मोडून रुग्णालयात येणाऱ्या ६५ वर्षांवरील व्यक्तींची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक वाढलेली आढळली. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, आणि मोडणाऱ्या हाडांत खुब्याचे हाड आघाडीवर होते. दुसरी बाजूही खरी आहे. कुत्रा पाळणाऱ्यांचे चालणे टिकते आणि हृदयविकाराचा धोका बहुधा कमी राहतो, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली नमूद केले होते. म्हणजे कुत्रा सोडायचा नाही. दोरीचे काय, एवढे ठरवायचे.

ठरवणे सोपे नव्हते. मी म्हणाले, "अहो, उद्यापासून दोरी माझ्याकडे." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेच नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. संध्याकाळी पायरीवर बसून म्हणाले, "आधी स्कूटरची किल्ली गेली. मग सही बारीक झाली म्हणून बँकेत तुझी सही चालू झाली. आता ही." काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेले असते. त्याला उत्तर नसते. मीही दिले नाही. त्यांच्या शेजारी बसले.

वाट सापडली ती राणीमुळे. सातव्या दिवशी मी तिला एकटीच घेऊन निघाले. गळ्याऐवजी छातीचा पट्टा, आखूड दोरी, आणि ती दोन्ही हातांत. मनगटाला वेढा नाही. ती वाडीच्या फाटकाशी अडून बसली. ओढले तरी हलेना. मागून यजमानांचा आवाज आला, "राणी, चल." पार्किन्सन्समध्ये आवाजही हळूहळू खोल जातो; बोलणाऱ्याला मात्र तो पुरेसा मोठा वाटतो. राणीला ऐकू गेले नाही. ते पुन्हा म्हणाले, मग छातीत वारा भरून तिसऱ्यांदा. इतका मोठा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. राणी उठली. तेही उठले.

त्या दिवसापासून कामे वाटली गेली. दोरी माझ्याकडे, आज्ञा त्यांच्याकडे. लाटांच्या आवाजावर मात करून 'बस', 'थांब', 'चल' म्हणायचे, आणि चालताना मोठ्याने 'एक-दोन, एक-दोन' मोजायचे. परतल्यावर आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले की या विकारात मोठ्याने बोलण्याचा सराव आणि ठेक्यावर चालणे हे दोन्ही उपचाराचेच भाग आहेत. आम्ही ते अजाणता केले होते. मला त्याचा पुरावा वाळूवर दिसत होता. पहिल्या दिवशी त्यांच्या उजव्या पायामागे घासत गेल्याची रेघ उमटे. मोजत चालले की टाचेचा खळगा वेगळा दिसे. मी मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली. डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्याहून बोलका अहवाल नाही.

पक्ष्यांपासून मात्र आम्ही दूरच राहिलो. वसंतात हजारो मैल परतण्यासाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते. प्रत्येक वेळी उडवून लावले की ती खर्च होते. दहाव्या दिवशी भाच्याने पावस ओलांडून, पूर्णगडच्या खाडीपलीकडे गावखडीला नेले. तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. कासवमित्र पहाटे वाळूवरील माग वाचून घरटे शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित जागी हलवतात, कारण कोल्ह्यांबरोबर मोकाट कुत्रीही ती उकरून खातात. यजमान भाच्याचा दंड धरून कुंपणापर्यंत गेले. मी राणीला घेऊन सुरूच्या सावलीत, गाडीबाहेर बसले. बंद गाडीत कुत्र्याला ठेवणे जीवघेणे ठरू शकते. माणसासारखा घाम न येणारा तो प्राणी मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. आणि जेथे अधिकृत अभयारण्य आहे, तेथे सामान्यतः पाळीव प्राण्यांना प्रवेशच नसतो, हे बेत आखतानाच लक्षात घ्यावे.

आणखी काही गोष्टी अनुभवाने कळल्या. वयाबरोबर तहान कमी जाणवते, म्हणून राणीच्या भांड्यात पाणी ओतले की आम्हीही एकेक पेला पीत असू. रत्नागिरी हा फुरशांचा प्रदेश. अंधारात बॅटरी आणि बंद पादत्राणांशिवाय कोणी खाली उतरले नाही. निघण्यापूर्वी राणीची रेबीजची लस झाली आहे याची खात्री केली. किनाऱ्यावरील अनोळखी कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन थेट लस घ्यायला जावे. गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या, आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक दारावर चिकटवला.

एक गोष्ट माझ्यासाठी. वाडीच्या मालकीणबाई रोज संध्याकाळी तासभर यजमानांशी गप्पा मारायला येत. तेवढ्यात मी झरी विनायकाला जाऊन येई, किंवा नुसती पुळणीवर बसून राही. सुरुवातीला चोरी केल्यासारखे वाटले. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आले की परतल्यावर माझा आवाज मऊ असतो. ज्यांच्या घरी कोणी नाही, त्यांनी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांशी नाते जोडावे. एकट्याने सगळे पेलण्यात पुण्य नाही.

बारा दिवसांनी आजार बरा झाला नाही. तो वाढत जाणारा आहे, आणि पुढच्या जानेवारीत त्या दोन पायऱ्या चढता येतील की नाही, हे आज सांगता येत नाही. यजमानांनी भाच्याला तिसरी, मधली पायरी करून ठेवायला सांगितले आहे.

सध्या कोल्हापुरात आमच्या कॉलनीत सकाळी साडेसातला 'एक-दोन, एक-दोन' ऐकू येते. आधी शेजारी खिडकीतून पाहत. आता समोरचे गुडघेदुखीचे आजोबाही त्या मोजणीवर चालतात. राणी सर्वांच्या पुढे असते. दोरी माझ्या हातात असते, पण वळणावर ती थांबते आणि मागे वळून यजमानांच्या तोंडाकडे पाहते.