आम्हाला बसमधून उतरू द्या: युरोप सहली आखणाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व सहल-आयोजकांना,


तीन वर्षांपूर्वी मी तुमच्यापैकीच एका कंपनीबरोबर दक्षिण युरोपची सहल केली. नीसहून बार्सिलोनाकडे जाताना आमची बस मार्सेयला थांबली. थांबा एक तास वीस मिनिटांचा. आम्ही चाळीस जण उतरलो. निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला आणि उरलेल्या वेळात जुन्या बंदरावरच्या आरशाच्या छताखाली सगळ्यांचा एकत्र फोटो झाला. बस सुटताना टूर मॅनेजरने खिडकीबाहेर हात करून सांगितलं, "सावरकरांनी उडी मारली ते हेच बंदर." सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. काही जणांनी हात जोडले.

त्याने दाखवलं ते पाणी वेगळं होतं. १९१० साली आगबोटी जुन्या बंदरात लागत नसत. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या नव्या गोद्या उत्तरेला, टेकडीच्या पलीकडे आहेत. त्या मुलाला मी दोष देत नाही. हे शहर पायाखालून घालायला त्याला कुणी वेळच दिला नव्हता. तो वेळ देणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीच, पाच रात्रींसाठी मार्सेयला गेलो. मी त्रेसष्ट वर्षांची, ती अठ्ठावन्न. माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात झाली, पण मार्सेयबद्दल मला 'फ्रान्सचे मोठे बंदर' यापलीकडे फारसं माहीत नव्हतं. शहर कळलं ते चालून.

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकाया गावातून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी हे शहर वसवलं. म्हणजे त्याला सव्वीसशे वर्षं झाली. जुनं बंदर ही त्यांचीच खाडी. तोंडाशी दोन्ही बाजूंना किल्ले आहेत, मधून एक छोटी फेरी या काठावरून त्या काठावर माणसं नेते, आणि सकाळी धक्क्यावर कोळी-कोळिणी मासळीचे टेबल मांडतात. तिथून दोन मिनिटांत पानिए या जुन्या वस्तीत शिरता येतं. पायऱ्यांचे बोळ, वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पण या बोळांत शिरण्याआधी एक विचित्र गोष्ट दिसते. बंदराला लागून जवळजवळ सगळ्या इमारती सरळ रेषेत, एका घाटाच्या, विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या. त्यांच्या पाठीमागे लगेच वाकडेतिकडे जुने बोळ. असं का, हा प्रश्न बसमध्ये पडतच नाही. चालताना पाय त्यालाच अडखळतात.

उत्तर १९४३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आहे. जर्मन फौजांनी फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून ही बंदरालगतची वस्ती रिकामी केली, सुमारे वीस हजार माणसांना घराबाहेर काढलं आणि दीड हजारांच्या आसपास इमारती सुरुंगाने उडवल्या. मोजकी घरं वाचली. त्यातलं एक १५३५ सालचं, ओटेल द काब्र. नव्या रस्त्याच्या रेषेत बसावं म्हणून १९५४ मध्ये ते अख्खं घर उचलून नव्वद अंशांत फिरवून ठेवलं. आम्ही दोघी त्या कोपऱ्यावर बराच वेळ उभ्या होतो. दगड तेच, दिशा बदललेली. एक तास वीस मिनिटांच्या थांब्यात हा कोपरा येत नाही, आणि तो आला नाही तर मार्सेयला येऊन आपण काय पाहिलं, असं मला मनापासून वाटतं.

तिथून वर चढून पलीकडे गेलं की पट्ट्यापट्ट्यांच्या दगडांचं कॅथेड्रल लागतं. त्याच्या पुढच्या मोकळ्या गच्चीवरून उत्तरेच्या गोद्या दिसतात. आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या 'मार्सेलिस' म्हणून ऐकलेलं ते बंदर या बाजूचं. ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी उडी घेतली, पोहून धक्का गाठला, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना धरून परत बोटीवर पोचवलं. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले, आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आता तिथे कुंपणं आहेत, मोठी प्रवासी जहाजं आहेत. पण उंचीवरून पाणी, धक्का आणि शहर यांचं अंतर डोळ्यांना कळतं. ज्याला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला त्या गच्चीवर निवांत पंधरा मिनिटं मिळायला हवीत. जुन्या बंदरापासून तिथवर रमतगमत चालत गेलं तरी अर्ध्या तासाचीही वाट नाही.

दुपारनंतर दक्षिणेकडच्या टेकडीवर, नोत्र-दाम द ला गार्दला. चढण खडी आहे. माझी जाऊ रोज अजिंक्यताऱ्यावर जाते, तिला दम लागला नाही, मला लागला. वर १८६४ साली पावन केलेलं चर्च आहे आणि शिखरावर अकरा मीटरची सोनेरी मेरी. मार्सेयकर तिला 'चांगली आई' म्हणतात. आत छताला छोटी छोटी गलबतं टांगली आहेत, भिंतभर संगमरवरी पाट्या आहेत. वादळातून वाचलेल्यांनी, आजारातून उठलेल्यांनी फेडलेले हे नवस. आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा अजून तशाच ठेवल्या आहेत.

तिथल्या कठड्यावरून समुद्रातली बेटं दिसतात. त्यांच्यापैकी एका बेटावर जानेवारी १५१६ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा एक गेंडा पाहायला आला होता. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला तो प्राणी आदल्या वर्षी गोव्याहून लिस्बनला गेला होता आणि तिथून पोपसाठी रोमला निघाला होता. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गोवा आणि मार्सेय एका गेंड्याने जोडलेले आहेत, हे तुमच्या बसमधल्या मुलांना सांगून पाहा.

आता मुख्य मागणीकडे येते. मार्सेयच्या दक्षिणेला, शहराच्या हद्दीपासूनच, कालांक सुरू होतात. पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या डोंगरात समुद्र आत घुसून झालेल्या अरुंद, खोल घळी. नदीनाल्यांनी कोरलेल्या दऱ्या, आणि समुद्राची पातळी वाढल्यावर त्यांत शिरलेलं पाणी. आपल्या कोकणातल्या खाड्यांची जातकुळी हीच. तिथे काठाला जांभा आणि चिखल, इथे उभा पांढरा कडा आणि तळ दिसेल असं निळं पाणी. २०१२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, मार्सेय ते कॅसिस आणि त्याही पुढे, जमिनीवर सुमारे साडेआठ हजार हेक्टर. महानगराच्या साध्या शहर-बसने तिथे जाता येतं.

आम्ही लुमिनी विद्यापीठापर्यंत बसने गेलो. वाटेत मझार्ग इथे उतरलो, कारण तिथे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे आणि त्यात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदुस्थानी फौज युरोपात पहिलं पाऊल टाकायला मार्सेयलाच उतरली. त्यात आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या; महिन्याभरात त्या नव शापेलच्या लढाईत होत्या. त्या दफनभूमीत आम्हा दोघींशिवाय त्या सकाळी कुणी नव्हतं. तुमच्या एकाही माहितीपत्रकात मला हे नाव सापडलेलं नाही.

लुमिनीपासून सुजितोंच्या माथ्यापर्यंत रुंद, सौम्य वाट आहे, आमच्या पावलांनी पाऊण तास. पाइनची झाडं, रोझमेरीचा आणि थाइमचा वास. माथ्यावरून खाली सुजितोंची घळ, पाण्यात युद्धनौकेसारखा दिसणारा एक सुळका आणि समोर मॉर्जियूचं भूशिर. त्या भूशिराच्या पोटात कोस्केर गुहा आहे. तिचं तोंड आज समुद्राच्या ३७ मीटर खाली आहे. पाणबुड्या आंरी कोस्केरने १९८५ मध्ये ती शोधली, आणि आत सत्तावीस हजार वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे आणि नंतरच्या काळातली घोड्यांची, सीलची चित्रं निघाली. ती काढणारी माणसं चालत आत गेली होती, कारण तेव्हा समुद्र शंभर मीटरहून अधिक खाली होता. इयत्ता नववीला हिमयुग आणि समुद्रपातळी शिकवताना मी फळ्यावर जी रेघ काढायचे, ती रेघ त्या माथ्यावर माझ्या पायाखाली होती. गुहेची हुबेहूब प्रतिकृती २०२२ पासून शहरात बंदराशेजारी आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनाही ती पाहता येईल.

पण इथे आम्हाला नेणार असाल तर नीट तयारीने न्या. आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात, पाण्याची सोय कुठेतरी निघते. चुनखडीत पाणी टिकत नाही, झिरपून जातं. सगळ्या डोंगरात प्यायच्या पाण्याचा थेंब नाही, म्हणून माणशी दोन लिटर पाणी पाठीवर हवं. सावली थोडी आहे. लाखो पावलांनी घासून खडक संगमरवरासारखा गुळगुळीत झालाय. माथ्यापासून खालच्या उतारावर सँडल घालून आलेली एक बाई आमच्यासमोर दोनदा घसरली. बूट आणि टोपी यांच्या सूचना व्हिसाच्या कागदांबरोबरच प्रवाशांना द्या, आदल्या रात्री हॉटेलात नकोत.

आणि चाळीस जणांना एका वाटेने खाली उतरवू नका. सुजितोंला गर्दीच्या दिवशी अडीच हजार माणसं येऊ लागली, माती वाहून गेली, पाइनची मुळं उघडी पडली. म्हणून २०२२ पासून उन्हाळ्यात तिथे आगाऊ नोंदणी लागते, दिवसाला फक्त चारशे माणसांना प्रवेश, आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. वणव्याच्या भीतीने १ जून ते ३० सप्टेंबर या काळात रोजचा धोका पाहून वाटा उघडतात किंवा बंद होतात. ही भीती खरी आहे: जुलै २०२५ मध्ये वणवा मार्सेयच्या वायव्य वस्त्यांपर्यंत आला आणि विमानतळ बंद करावा लागला. धूम्रपान आणि आग पेटवणं तिथे मना आहे. आपली माणसं हे नियम पाळतील याची हमी आधी तुम्ही घ्यायला हवी. दहा-दहाचे गट करा, प्रत्येक गटाला तिथला परवानाधारक वाटाड्या द्या.

या नियमांकडे नीट पाहा, कारण त्यात तुमचीच सोय आहे. आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात आणि मग दिवाळीत. वणव्याचे निर्बंध यांच्या मधल्या काळात. युरोपातली गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये येते. आपण त्याआधी येऊन गेलेलो असतो. इथल्या पायवाटांसाठी वर्षातले उत्तम महिने तेच आहेत, ज्या महिन्यांत तुम्ही तशाही बसगाड्या भरून आणता.

जेवणाचं काय, असं तुम्ही विचाराल. आमच्या सहलीत दर दुपारी पनीर-भाताचं हॉटेल गाठण्यासाठी बस वळसा घ्यायची. मार्सेयला पानिस मिळतं: हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, गार करून, तुकडे कापून तळलेलं. आपल्या पाटवडीची सख्खी बहीण. माझ्या जावेने दोन दिवस दुपारी तेच खाल्लं आणि संध्याकाळी पुन्हा मागितलं.

तुम्ही म्हणाल, आपल्या ज्येष्ठांना इतकं चालवत नाही. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी उभे राहा आणि वर जाणारी पांढरी डोकी मोजा. ही माणसं परदेशात गेल्यावर दहा दिवस खुर्चीत बसून काचेतून पाहतात, कारण आराखड्यात तसं लिहिलेलं असतं. ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी समुद्राकाठचा सपाट रस्ता आहे, कॅसिसहून कालांकमध्ये जाणाऱ्या बोटी आहेत. आणखी एका मुक्कामाचा खर्च वाढेल, हे मला समजतं. त्याऐवजी अत्तराच्या कारखान्याचा थांबा आणि खरेदीची एक दुपार कमी करा. पैसे भरणारे आम्ही आहोत आणि आम्ही हे मागत आहोत.

पुढच्या मे महिन्याची माहितीपत्रकं तुम्ही दिवाळीच्या सुमारास छापायला देता. त्यात मार्सेयच्या नावापुढे 'फोटो स्टॉप' हा शब्द खोडा आणि 'मुक्काम दोन रात्री' असं लिहा. पहिल्या गटात माझं आणि माझ्या जावेचं नाव घाला.

आपली,
साताऱ्याची एक निवृत्त भूगोल शिक्षिका