चावी कोणाच्या खिशात?

आपल्या भागात ऋतू दोनच. गळीत हंगाम, आणि गळीत हंगामाची तयारी! माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी... दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटले की रस्त्यावर ऊसच ऊस. पण तो ओढणारे ट्रक-ट्रॅक्टर त्याआधी कुठे असतात? बारामती एमआयडीसीच्या आसपास, किंवा पुणे-सोलापूर हायवेला भिगवण, इंदापूर भागात एक चक्कर मारा. कुठे 'हाफ इंजिन' चालू असतं, कुठे 'फुल इंजिन'. आणि प्रत्येक गॅरेजमध्ये मालकाचं एकच वाक्य ऐकू येतं : "मोळी टाकायच्या आत गाडी पाहिजे!"

माझं स्पष्ट मत आहे की इंजिनकामातले अपघात अडाणीपणातून कमी आणि या वाक्यातून जास्त होतात.

मिस्त्रींना धोका कळत नाही असं समजायचं कारण नाही. ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन चार-पाचशे किलोच्या घरात जातं, मोठ्या जनरेटरचं टनाच्या वर. चेन ब्लॉकला लटकलेल्या एवढ्या वजनाखाली हात घालू नये हे गॅरेजमधल्या नवीन पोरालाही माहीत असतं. पण माउंटिंगचं भोक अर्ध्या सुताने जुळत नाही, आणि "जरासं" म्हणून हात आत जातोच. खाली लाकडी ठोकळे सरकवून वजन त्यांच्यावर टेकवायला फार तर पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कोणी द्यायची, हा खरा प्रश्न!

नोझलचंच बघा. आपण इंजेक्शन प्रेशरचा आकडा पाठ करून पेपरात लिहून मोकळे होतो. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या पुढेमागे उघडतं, कॉमन रेलमध्ये हे प्रेशर १६०० बार आणि त्याहीवर जातं. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते आठ बार! आणि आपले लोक टेस्टरवर नोझल लावून फवारा नीट पडतो का ते हात धरून बघतात. डिझेल कातडी फोडून आत घुसतं. बाहेर दिसते ती टाचणी टोचल्याएवढी खूण, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. मग काय, हळद दाबायची आणि परत कामाला! आत मात्र ते डिझेल बोटातून तळहाताकडे पसरत असतं. काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाला तर बोट काढायची वेळ येते. म्हणून असं झालं तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. तिथे नुसतं "टोचलंय" म्हणायचं नाही, "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं सांगायचं, कारण ही बहुतेक वेळा ऑपरेशनची केस असते. पाइपची गळती शोधायला तर पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. तो फुकट मिळतो हो!

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करायची वेळ तर आणखी नाजूक. पंपाची रॅक अडकली, किंवा टर्बोच्या सीलमधून ऑइल आत ओढलं जाऊ लागलं, की इंजिन नुसतं पळत सुटतं. ऑइलवर पळणारं इंजिन चावी बंद करून थांबत नाही, कारण डिझेलला ठिणगीच नसते, बंद काय करणार? त्याची हवा तोडावी लागते. त्यासाठी इनटेकवर बसेल असा जाड पत्रा स्टार्टर मारण्याआधीच हाताशी हवा. हात किंवा फडकं चालत नाही, ते आत खेचलं जातं. खुद्द रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाने १८९३ साली ऑग्सबर्गच्या पहिल्या चाचणीत प्रेशर मोजणारं उपकरण उडवलं होतं. नावच ज्याचं आहे त्याला सोडलं नाही, आपली काय कथा!

आता आपल्या दाराशी या. हॉस्टेलचे, दवाखान्यांचे, डेअरीचे जनरेटर बरेचदा ऑटो पॅनलवर असतात. लाइट गेली की आपोआप चालू. समजा फिटर फॅनबेल्टमध्ये हात घालून बसलाय आणि तेवढ्यात महावितरणने लाइट घालवली... पॅनल 'मॅन्युअल'वर ठेवून भागत नाही, कारण "जनरेटर का लागला नाही?" म्हणत कोणीतरी उत्साही जीव ते परत 'ऑटो'वर टाकतो. चार्जर बंद करायचा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधायची, पॅनलला कुलूप घालायचं. आणि चावी जो काम करतोय त्याच्याच खिशात. वॉचमनच्या नाही, रेक्टर सरांच्या तर नाहीच. (सर, राग नसावा.)

कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. आहे ना! १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणापासून साखळ्यांच्या तपासणीपर्यंत सगळं होतं. पण वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच तो 'कारखाना'. २०२० च्या संहितेत हा आकडा वीस झाला. हायवेच्या गॅरेजमध्ये असतात एक मिस्त्री आणि तीन पोरं. तिथे तपासायला कोण येणार?

आणि आपण भावी इंजिनिअर काय करतो? लॅबमध्ये रंग दिलेलं कापीव इंजिन बघतो, जर्नलमध्ये व्हॉल्व्ह टायमिंगचा डायग्राम उतरवतो (बहुतेक वेळा शेजाऱ्याचा), दहापैकी नऊ मार्क घेतो. स्टाफला माझी सूचना आहे. प्रॅक्टिकलला एकदा नुसतं "हेड खोल" म्हणा आणि गप्प बघत बसा. पोरगं पाना उचलण्याआधी केबल काढतं का, पाणी गरम आहे का बघतं का, हातातलं कडं आणि अंगठी उतरवतं का, चष्मा मागतं का, याला मार्क द्या. पहिल्या वर्षी निम्मा वर्ग नापास होईल, होऊ दे.

राहिलं ते मोळीचं वाक्य. ते बोलणारा मालक कोण परका नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ट्रक आहे. ते वाक्य आपले वडील बोलतात, काका बोलतात, आणि फोनवरून आपणही बोलतो. यंदा दसऱ्याला घरी जाल तेव्हा गाडी गॅरेजला असली तर मिस्त्रींना विचारा, कधी देताय? ते म्हणतील, सोमवारी. त्यांना म्हणा, बुधवारी दिली तरी चालेल. आणि घरच्यांना तुम्हीच सांगा.