कडू चालेल, कडक कशाला?

एक सोपं गणित करून बघा. ६५० मिलीची, ८ टक्के अल्कोहोलची कडक बिअर म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १३ मिली असतं. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग! ‘अरे, बिअरच तर आहे’ म्हणत जी हलक्यात घेतली जाते, तिचा हा हिशेब. तीच बाटली ३ टक्क्यांची असती, तर आकडा दीड पेगवर थांबला असता.

मग ३ टक्क्यांची चवदार बिअर आपल्याकडे सहसा दिसत का नाही? उत्तर थोडं विज्ञानात आहे आणि बरंचसं कराच्या रचनेत.

आधी विज्ञान. बिअरचा पाया म्हणजे माल्ट, अर्थात मोड आणून वाळवलेली बार्ली. नाचणीचं सत्त्व करताना आजी नाचणीला मोड का आणायची? मोड आले की धान्यातली एन्झाइम्स जागी होतात आणि पिष्टाची साखर करू लागतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवलं की तेच घडतं. पुढे यीस्ट ही साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं. साखर कमी, तर अल्कोहोल कमी. इतकं सोपं असेल तर धान्य निम्मं घ्या, काम झालं!

पण मग हातात येतं ते पाणचट पेय. खरी कसोटी इथे लागते. पाणी ६३-६५ अंशांऐवजी ६८-७० अंशांवर ठेवलं, तर यीस्टला पचणारी साखर कमी बनते आणि त्याला न पचणारी लांब साखळ्यांची शर्करा जास्त उरते. त्यामुळे अल्कोहोल कमी राहूनही तोंडात भरीवपणा जाणवतो. थोडे ओट्स घातले की तो आणखी वाढतो.

दुसरी गोष्ट हॉप्सची. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुलं. ती तासभर उकळली की कडवटपणा उतरतो. आच बंद करताना किंवा बिअर आंबत असताना घातली, तर सुगंध उतरतो. जातीनुसार कधी संत्र्याच्या सालीचा, कधी आंब्याचा, तर कधी ओल्या गवताचा. हलक्या बिअरमध्ये माल्टचा गोडवा कमी असतो, म्हणून कडवटपणाही बेताने ठेवावा लागतो आणि हॉप्सचा भर शेवटी, सुगंधासाठी द्यावा लागतो. कारल्याच्या भाजीत गूळ किती घालायचा, तसाच हा तोल. मेथी आणि कारलं आवडीने खाणाऱ्या आपल्या जिभेला कडू चव परकी नाहीच.

गंमत म्हणजे हॉप्सच्या बिअरचा जगातला सर्वात गाजलेला प्रकार आपल्या देशाचं नाव लावतो, इंडिया पेल एल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून जहाजाने भारतात येणाऱ्या बिअरमध्ये ती टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालत. ती फार कडक असायची, ही मात्र दंतकथा. त्या काळच्या इतर बिअरच्या तुलनेत तिचं अल्कोहोल जास्त नव्हतं. जास्त होते ते हॉप्स.

कर बाटलीवर की अल्कोहोलवर?

आता खर्च बघा. हलक्या बिअरमध्ये धान्याचे थोडे पैसे वाचतात, पण सुगंधासाठी आयात केलेले हॉप्स जास्त लागतात. मेहनत तेवढीच. अल्कोहोल कमी म्हणजे नैसर्गिक संरक्षणही कमी, म्हणून स्वच्छता आणि थंड साठवण अधिक काटेकोर हवी. म्हणजे ही बिअर बनवायला स्वस्त नाही. ती ग्राहकाला परवडायची असेल, तर सूट करातूनच मिळायला हवी.

इथेच गाडी अडते. महाराष्ट्रात बिअरचे दोन कप्पे आहेत. ५ टक्क्यांपर्यंत सौम्य आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंत कडक. ३ टक्क्यांची आणि ५ टक्क्यांची बिअर एकाच कप्प्यात. मग टक्का आणखी खाली आणून ब्रुअरला मिळतं काय? ग्राहकही ‘एवढ्या पैशांत किती चढते’ हेच बघतो. देशात विकली जाणारी बहुतांश बिअर कडक आहे, त्यामागे हा हिशेब आहे.

ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून वेगळा रस्ता धरला. तिथे ३.५ टक्क्यांहून कमी अल्कोहोलच्या बिअरवर शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे ९.२७ पौंड कर लागू झाला. त्यावरच्या नेहमीच्या बिअरवर २१.०१ पौंड. काही मोठ्या कंपन्यांनी लगेच ओळखीच्या बिअर ३.४ टक्क्यांवर आणल्या. कराने टक्का हलतो, हे उघड झालं.

आपल्याकडे चर्चा झाली ती महसुलाची. २०२३ मध्ये बिअरची विक्री घटली म्हणून राज्याने शुल्काच्या फेरविचारासाठी अभ्यासगट नेमला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं. बिअर आणि वाईन त्यातून वगळली. दोन्ही वेळा प्रश्न होता तिजोरीत किती येणार. पिणाऱ्याच्या पोटात किती जाणार, हा प्रश्न मागेच राहिला.

पिंपळवंडीला याचं काय?

जुन्नर तालुक्यातलं पिंपळवंडी पुणे-नाशिक महामार्गावर, नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मध्ये आहे. कुकडीच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, द्राक्षं पिकवणारा हा पट्टा. दारूच्या धोरणात शेतकऱ्याचं नाव कसं येतं, हे या भागाने जवळून पाहिलंय. नारायणगावला १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी उभारलेल्या वायनरीची स्पार्कलिंग वाईन परदेशात गेली. पुढे कंपनी कर्जात बुडाली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकण्याचा निर्णय झाला, तोही द्राक्ष उत्पादकांचं नाव पुढे करून. विरोध झाला आणि निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

क्राफ्ट बिअरच्या बाबतीत तर हा युक्तिवाद टिकणारच नाही. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात खूप लांब दिवस लागतात. भारतात तिची शेती होते ती हिमाचलमधल्या लाहौलमध्ये. बार्ली मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेशातली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून मायक्रोब्रुअरी वाढल्या, पण त्यातून जुन्नरच्या शिवारात फारसं काही पिकणार नाही.

पिंपळवंडीचा संबंध आहे तो रस्त्याशी आणि घराशी. महामार्गावर दारू पिऊन चालवली जाणारी गाडी इथूनच जाते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतची दारू दुकानं हटवायला सांगितली, ती अपघातांमुळेच. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की चालक गुन्हेगार. चार पेगची बाटली पिऊन ही मर्यादा ओलांडणं अगदी सोपं. आणि गावातल्या बायका ‘आडवी बाटली’साठी मतदान करतात, तेव्हा त्यांचं भांडण चवीशी नसतं, नशेशी असतं.

म्हणून अल्कोहोलच्या प्रमाणात कर, ही मागणी फक्त पुण्यातल्या पबची नाही. ती या बायकांचीही असू शकते. अर्थात, नुसता हलक्या बिअरचा कर कमी करून भागणार नाही. कडक बाटली त्याच वेळी महाग व्हायला हवी. नाहीतर दोन्ही खपतील आणि एकूण पिणं वाढेल.

आता आपल्यापुरतं. राज्यात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१, विदेशी मद्यासाठी २५. म्हणजे कॉलेजातल्या बहुतेकांसाठी ३ टक्केही बेकायदाच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. हलकी बिअर म्हणजे सरबत नव्हे. ३ टक्क्यांच्या तीन बाटल्या रिचवल्या, तर हिशेब पुन्हा साडेचार पेगवर जातो.

मत द्यायचं वय मात्र १८ आहे. मद्याच्या शुल्काची पुढची बातमी येईल, तेव्हा ‘महाग झाली की स्वस्त’ एवढंच वाचून पान उलटू नका. कर कशावर लावलाय ते बघा, बाटलीवर की आतल्या अल्कोहोलवर. आणि गावी ग्रामसभेला बसलात, तर तिथेही हे विचारा.